चौकटीतली मुंगी

…आणि ती काळी रबराची टिकली, शर्टाच्या बटणाएवढी, मधोमध जराशी दबलेली, कडेला वाळलेला गोंद – ती तो बोटाखाली टेबलावर फिरवत होता, एकदा या अंगाने, एकदा त्या, आणि समोर नव्या लॅपटॉपच्या पडद्यावर आकडा पुढे सरकत होता. सरकत होता म्हणजे, नको असलेल्या पाहुण्यांकडे जायला निघालेली गोगलगाय जशी सरकेल तसा. टिकली जुन्या लॅपटॉपची. त्याच्या पोटाखालून एक दिवस निसटली ती निसटलीच, आणि तेव्हापासून तो लॅपटॉप असा डुगडुगायला लागला की त्याच्यावर काम करणं म्हणजे होडीत उभं राहून सुईत दोरा ओवणं. मग बायकोने कसल्याशा खोक्याचा पुठ्ठा दुमडून खाली सारला होता. "घ्या, झालं तुमचं जहाज स्थिर," म्हणाली होती. पुढे पुठ्ठा चेपला, पुढे ती गेली, आणि गेल्या आठवड्यात लॅपटॉपही गेला – काही न सांगता, मध्यावर, एका अर्धवट ओळीवर… उरली ती टिकली. नव्या लॅपटॉपला चारही पाय होते. तो मुळीच हलत नव्हता. त्याची चीड येत होती.

क्लोन चालला होता. सगळंच्या सगळं कोठार इकडे उतरत होतं. रिपॉझिटरीला ही मंडळी पहिल्यापासून कोठारच म्हणत – जगात कुठे कुठे बसलेली मूठभर माणसं, बंदरांना भरती-ओहोटीचे अंदाज देणारा त्यांचा एक प्रोग्राम, आणि त्या प्रोग्रामची पहिल्या ओळीपासूनची प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक चूक, प्रत्येक माघार जिथे राखून ठेवलेली ती ही जागा. आता ही जागा एवढी फुगली कशाने, असं कुणी विचारलं तर सगळे एकाच माणसाकडे बोट दाखवत. फार वर्षांपूर्वी उत्साहाच्या भरात त्याने लाटांचे फोटो आत कोंबले होते. हजारो फोटो, दरेक लाट वेगळी म्हणून दरेक लाटेचा एक. दुसऱ्याच दिवशी काढूनही टाकले. पण कोठार विसरत नाही, काढलेलंही ते आतल्या आत जपून ठेवतं. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला त्या लाटा उतरवून घ्याव्या लागत, एकही न बघता. त्या वजनाला नाव पडलं होतं 'आजोबांचं पोट'. आजोबा म्हणजे तोच. नाव पडलं तेव्हा डोक्यावर काळे केस होते, नातवंडांचा पत्ता नव्हता. अजूनही नाही.

आज स्वतःचंच पोट उतरायची वाट बघत बसायचं – चांगली अद्दल आहे.

घाई होती. घाई संध्याकाळची होती. संध्याकाळी पासवर्डचा रस्ता बंद व्हायचा होता. आजवर कोठाराकडे एचटीटीपीएसने जायचं, दारात नाव आणि पासवर्ड सांगायचा, आत शिरायचं; आजपासून फक्त एसएसएच – म्हणजे किल्ली. किल्लीचे दोन भाग असतात. एक आपल्याजवळ राहतो, तो कुणाला म्हणून दाखवायचा नाही. दुसरा, जाहीर भाग, दाराच्या राखणदाराकडे द्यायचा, मग दोन्ही एकमेकांना ओळखतात. सगळ्यांना एकच सूचना आली होती: प्रत्येकाने किल्ली करावी, जाहीर भाग मेलने पाठवावा, आणि फोन करून ठसा जुळवून घ्यावा, जे जुळवणार नाहीत ते बाहेर. खाली सही नव्हती, फक्त 'राखणदार' एवढंच. सहीची त्याला गरजही नव्हती. ते वाक्य असं मध्येच तोडायची खोड कुणाची हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक… पाच वर्षांची असल्यापासूनची. राखणदार म्हणजे ठकी. त्याची मुलगी.

फोन करावा लागणार होता.

हा फोनचा नियम कप्तानाचा. कप्तान म्हणजे ज्याने हे सगळं सुरू केलं तो. जन्मात जहाजावर पाऊल ठेवलं नव्हतं, आणि बादलीतलं पाणी हिंदकळलं तरी त्याला मळमळायचं. पण हुकूम जहाजावरचे. मेलचं काय, मेल कुणीही कुणाच्याही नावाने धाडेल. माणसाचा आवाज ओळखीचा असला की मग फसवणं अवघड – म्हणून फोन. आणि ठसा, म्हणजे किल्लीची ओळखखूण, आकड्या-अक्षरांत वाचायचा नाही, कारण आकडे वाचताना वाचणाराही पेंगतो आणि ऐकणाराही; तर चित्र सांगायचं. प्रत्येक किल्लीच्या ठशावरून मशीन एक चित्र काढतं – छोटी चौकट, आत टिंबं, फुल्या, शून्यं, मध्येच एखादं अक्षर. कप्तान म्हणायचा, आत एक आंधळी मुंगी सोडलेली असते. ठसा तिला सांगतो इकडे वळ, तिकडे वळ, आणि जिथून ती पुन्हा पुन्हा जाते तिथली खूण गडद होते. कुठल्याच दोन मुंग्या सारख्या चालत नाहीत. एकाने चित्र डोळ्यांसमोर धरून तोंडाने वर्णन करायचं, दुसऱ्याने आपल्याकडचं बघून फक्त हो किंवा नाही म्हणायचं. कप्तान गेला, नियम राहिला. इतर संघ ऐकून हसत. हसू देत… तो मनाशी म्हणाला, आज तर त्या मळमळ्या कप्तानाच्या पाया पडावं अशी वेळ आलीय.

कारण फोनला कारण लागतं. लोकांना वाटतं लागत नाही. उचलायचा, लावायचा, काय गं म्हणायचं – जसं काही 'काय गं' हा शब्द सगळ्या घशांतून सारखाच निघतो. त्यांच्या घरी फोन तिच्या आईच्या हातून व्हायचा. तासभर त्या दोघी, मग, "घे, बाबांशी बोल." – "काय ठकी?" – "काही नाही." – "बरं." – "आईला द्या." संपलं. आणि तेवढ्याने पोट भरायचं, कारण उरलेलं सगळं जेवताना बायकोकडून यायचं, निवडून, पाखडून, खडे काढून: ठकीला सर्दी झालीय, ठकीने खोली बदलली, ठकी कुणावर तरी चिडलीय पण नाव सांगत नाही. त्याला वाटायचं आपण मुलीशी रोज बोलतो. खरंच वाटायचं. भांडण नाही, अबोला नाही, कुणी कुणाला काही बोललं नाही… नुसता मधला माणूस गेला आणि कळलं की आपल्याला स्वतःची अशी एक ओळही येत नाही.

राहिलं काय, तर कोठार. तिथे तो काही पाठवायचा, ती तपासायची. "कृपया ही ओळ दोन ठिकाणी तोडावी." "तोडली." "इथे मोकळी जागा जास्त आहे." "काढली." हल्ली तर तो मुद्दाम एखादी मोकळी जागा जास्त सोडू लागला होता. एकदा तीन सोडल्या. तिने तिन्ही पकडल्या, तीन वेगवेगळ्या टिपा आल्या, आणि तो दिवस त्याला सणासारखा गेला.

आता हे दारही बंद झालं तर…

पडद्यावरचा आकडा शंभरावर येऊन थांबला. शेवटची एक ओळ उमटली, आणि खोलीत एकदम शांतता झाली, जसं कुणी बराच वेळ चाललेलं बोलणं आवरतं घ्यावं. लाटा उतरल्या होत्या. त्याने सगळं एकदा तपासून घेतलं, मग रिमोटचा, म्हणजे तिकडच्या मूळ कोठाराचा, पत्ता बदलला – एका ओळीचं काम, जुन्या रस्त्याच्या जागी नवा. कोठार तेच, आतलं सगळं तेच, फक्त जायची वाट दुसरी – आणि नव्या वाटेने दार ठोठावून बघितलं. मशीन थबकलं. समोरच्या सर्व्हरची ओळख पटलेली नाही, त्याचा ठसा हा असा आहे, पुढे जायचं का? शेजारी त्या सर्व्हरच्या मुंगीची चौकट. आणि लुकलुकणारा कर्सर.

जग इथे डोळे मिटून 'हो' टाकतं. तो उठला, पाणी प्यायला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. फोन लावला.

"हं, बाबा. बोला." मागे कसला तरी घरघराट, पंखा असेल किंवा रस्ता. "मिळाली मला तुमची किल्ली. आधी सर्व्हरचं उरकू. प्रश्न आलाय ना समोर?"

"आलाय."

"हो टाकू नका."

"मी काय काल आलोय?"

"परवा एकाने हेच म्हणत टाकलं. ऐका. वरची ओळ रिकामी. दुसरीत उजव्या कडेला दोन टिंबं, त्यांच्याखाली एक फुली…"

ती सांगत गेली आणि तो बघत गेला. टिंबाला टिंब, फुलीला फुली. तिचा आवाज जाडावला होता थोडा, की फोनमुळे? तिच्या आईचा असाच व्हायचा, संध्याकाळकडे. किती दिवसांनी ही एवढी सलग बोलतेय, आणि बोलतेय काय तर – खाली शून्य, शून्याला चिकटून शून्य, मग मोकळं. त्याला वाटलं चौकट अजून मोठी असायला हवी होती. भिंतीएवढी. मुंगीने जरा दम खात चालायला हवं होतं.

"जुळलं?"

"जुळलं."

"मग टाका हो. आता तुमची सांगा. मला मग एक मीटिंग आहे."

आता इथे मघापासून जे सांगायचं राहिलं ते सांगायला हवं. तो सकाळी उठला होता तो किल्ली करायला, एक किल्ली, आणि झालीही एक – चित्र बघितलं तर कोपऱ्यात नुसता गिचमिड गोळा, सांगण्यासारखं काही नाही. हे सांगायचं तिला? एवढ्या दिवसांनी? म्हणून दुसरी केली. तिच्यात जरा काही दिसत होतं, मोडकी खुर्ची म्हणा. तिसरीत छत्री, पण उलटलेली. मग हात थांबेना. जसा कुणी दुकानात साड्या उलगडायला लावतो, ही काढा, ती काढा, तसा तो मुंग्या सोडत गेला, आणि ज्या बऱ्या वाटल्या त्यांना नावं देत गेला – खुर्ची, छत्री, शिंकणारा माणूस, बिनटोपीचा हवालदार… शेवटी दुपारच्या जेवणाआधी एक अशी निघाली की तो उभाच राहिला. कोंबडी. होडीत बसलेली कोंबडी, चोचीसकट. ही. हीच पाठवायची. आणि पाठवली, म्हणजे त्याला तरी तसं वाटलं.

"दुसऱ्या ओळीत डावीकडे एक टिंब," त्याने घसा साफ केला, "ती समज चोच. मग तिच्यामागे फुली, फुलीखाली–"

"चोच?"

"म्हणजे… टिंब."

"हं. पुढे."

तो कोंबडीची मान सांगत होता, पंख सांगत होता, होडीची एक बाजू झाली, दुसरी आली.

"बाबा, जुळत नाहीये."

"असं कसं?"

"दुसऱ्या ओळीपासूनच जुळत नाहीये. तुम्ही सांगताय म्हटल्यावर पूर्ण ऐकून घेतलं."

मेल कुणी मधल्यामध्ये बदलली? नाही. त्याला लगेचच कळलं, कळताच कानापर्यंत गरम झालं. फोल्डरमध्ये एवढ्या किल्ल्या, एकीशेजारी एक… कोंबडी ठेवली आणि भलतीच धाडली.

"एकच केलीत ना?" ती म्हणाली.

"थोड्या केल्या."

"थोड्या म्हणजे?"

"मूठभर."

"बाबा."

"पिशवीभर."

पलीकडे घरघराट तेवढा वाढला. "कशाला?"

"पसंत पडत नव्हत्या."

"किल्ली आहे बाबा ती. स्थळ नाही."

हे तिच्या आईचं. शब्द तिचे असतील, फेकायची तऱ्हा आईची. त्याने टिकली मुठीत घट्ट धरली.

"नियम माहीत आहे तुम्हाला," ती पुन्हा राखणदाराच्या आवाजात. "एकदा जुळली नाही की त्या दिवशी नवी घेत नाही मी. कुणाचीच नाही. आलीय तीच जुळायला हवी, नाहीतर संध्याकाळी यादीतून तुमचं नाव निघेल. आणि माझ्याकडे कुठली आहे ते मी सांगू शकत नाही."

"ते कळलं."

"मग सांगा एकेक. मी हो-नाही म्हणते."

त्याने खुर्ची सांगितली. नाही. छत्री सांगितली, उलटली होती हेही सांगितलं. नाही. शिंकणाऱ्या माणसापाशी ती म्हणाली, "शिंकतोय कशावरून?" त्याने नाकापुढची तीन टिंबं सांगितली. "हं," ती म्हणाली, "नाही. पुढचं." बोलता बोलता त्याची जीभ सैलावली, नुसती टिंबं-फुल्या सांगणं सुटलं, हवालदाराची टोपी वाऱ्याने कशी उडाली आणि तो तिच्यामागे चौकटीबाहेर कसा जाऊ शकत नाही हे सांगणं सुरू झालं, आणि गंमत अशी की तिने थांबवलं नाही. "नाही. पुढचं." – आधी पटापट, मग जरा थांबून. मध्ये एकदा तिच्या बाजूला कुणीतरी काही विचारलं, तेव्हा ती फोनवर हात ठेवून म्हणाली, "मला उशीर होईल, तुम्ही सुरू करा," आणि हाताआडूनही ते त्याला ऐकू आलं.

आणि मग, फुटक्या घागरीचं पोट सांगता सांगता, त्याच्या लक्षात आलं की हे सगळं करायची गरजच नाही.

पाठवलेली मेल समोर आहे. तिच्यातला जाहीर भाग उचलायचा, मशीनला एक ओळ द्यायची, ते ठसा काढून देईल, आणि फोल्डरमधली कुठली किल्ली तीच आहे हे एका क्षणात कळेल. कालचं पोरसुद्धा हेच करेल. त्याला हे मघाशीच सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कानात गरम झालं होतं तेव्हा. पण तिला? ठकीला? जी तीन मोकळ्या जागा तीन टिपांनी पकडते तिला? तिला सुचलं नसेल हे शक्य नाही. मग तिने सांगितलं का नाही? की ती दुसऱ्याच कामात आहे, एका कानाने ऐकतेय, तोंडाने 'नाही, पुढचं' म्हणतेय… असंही असेल. तिचा स्वभाव घाईचा. की विसरलीच असेल. माणूस विसरतो. की–

त्याने ती ओळ टाइप केली. पूर्ण. शेवटच्या टिंबापर्यंत. फक्त एन्टर दाबलं नाही.

"बाबा? आहात ना?"

"आहे."

"पुढचं."

पुढचं एकच होतं. तो गिचमिड गोळा, सकाळचा पहिला, बिननावाचा. सगळ्या नाही म्हटल्यावर हाच. नकोसा वाटलेलाच नेमका गेला होता. तो सांगितला की ती म्हणणार, हो. मग म्हणणार, झालं, करते जमा. मग म्हणणार, ठेवते. दार उघडणार आणि फोन बंद होणार. नाही सांगितला तर संध्याकाळ होणार. टेबलाच्या कडेवर उन्हाचा पट्टा होता, तो आता खाली फरशीवर उतरला होता – हीच फरशी, काळ्या-पांढऱ्या-तांबूस ठिपक्यांची, जिच्यावर ठकी पालथी पडून तासन्‌तास ठिपक्यांत जनावरं शोधायची. बोट दाखवायचं नाही, नुसतं सांगायचं, आणि दुसऱ्याने हुडकायचं, असा खेळ. त्या खेळापुरतं ती त्याला 'तू' म्हणायची. आणि तो लबाडी करायचा. फरशीवर नसलेलंच जनावर सांगायचा. तीन कानांचा ससा आहे, कपाटाच्या जवळपास आहे. आणि ती पोर कपाटाखाली डोकं घालून, केसांना जळमटं लावून घेत, आई जेवायला हाका मारतेय तरी… एकदाही म्हणाली नाही की नाहीये. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या पुन्हा कपाटापाशी.

त्याने पडद्यावरून नजर काढली.

"ही जरा अवघड आहे," तो म्हणाला, आणि आपला आवाज असा हलतोय हे त्याला बाहेरून ऐकू आल्यासारखं ऐकू आलं, जसा तो जुना लॅपटॉप हलायचा. "खालच्या बाजूला आहे. चार पाय पोटाशी घेतलेत. शेपटी आखूड. बसलाय दबकून, कुणी हुडकत आलं तर म्हणून. आणि वर… वर कान आहेत."

पलीकडचा घरघराट थांबला. तिने पंखा बंद केला असेल किंवा खिडकी लावली असेल, किंवा फोनच कटला असेल. त्याने फोन कानावरून काढून पाहिला नाही. कर्सर लुकलुकत होता, न दाबलेल्या ओळीच्या टोकाशी, धीराने. उन्हाचा पट्टा कपाटाच्या पायापर्यंत पोचला होता. एवढं बोलून ठेवलं होतं की आता परत घेता येत नव्हतं – कोठारासारखंच, काढलं तरी आत राहणार.

"कान किती?" ती म्हणाली. मग लगेच, "नीट मोजून सांग."

हसतेय की चौकशी करतेय, त्याला कळेना. आवाज दोन्हीकडे जाण्यासारखा होता. उत्तर जिभेवर होतं, कितीतरी वर्षं होतं, पण त्याने ते तसंच ठेवलं. फोन कानाशी धरून, दुसऱ्या मुठीतली टिकली टेबलावर ठेवून, गुडघे कुरकुरले तरी, तो हळूहळू फरशीकडे वाकला… मोजायला.